जुना कॅमेरा बदलताना : ‘फुल फ्रेम’ कुणी घ्यावा, कुणी थांबावं



आज बोलायचंय कॅमेऱ्याबद्दल. मोबाइलमधल्या नव्हे, गळ्यात अडकवायच्या. आमचा गट सात जणींचा, खडकवासल्याचा. पापड-मसाल्यापासून सुरुवात केली होती, पण गेली काही वर्षं आमचं मुख्य काम फोटोंचं आहे. डोहाळजेवण, बारसं, हळद, मुंज, लग्न, आणि मधल्या काळात इतर गटांच्या मालाचे फोटो. असं काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या बायकांचे आम्हाला फोन येतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो. ‘ताई, आमचा कॅमेरा जुना झाला. आता फुल फ्रेम घ्या म्हणतात सगळे. घ्यावा का?’

हे ‘सगळे’ म्हणजे कोण, तर दुकानदार, घरातला एखादा भाचा आणि यूट्यूब. ते खोटं सांगतात असं नाही. पण कर्जाचा हप्ता त्यांतला कुणीच भरणार नसतो. गटाचा पैसा म्हणजे दहा घरांतून महिन्याला शंभर-दोनशे करून जमलेला पैसा. म्हणून आधी हे फुल फ्रेम काय प्रकरण आहे ते समजून घेऊ, मग पैशाचं बोलू.

कॅमेऱ्याच्या पोटात, लेन्सच्या मागे, एक चौकोनी चकचकीत तुकडा असतो. त्याला सेन्सर म्हणतात. पूर्वी त्या जागी फिल्म असायची. लेन्समधून आलेला उजेड या तुकड्यावर पडतो आणि फोटो तयार होतो. आपल्यातल्या बहुतेकींकडे असलेल्या जुन्या कॅमेऱ्यात हा तुकडा लहान असतो. आमच्या जुन्या निकॉन डी७००० मध्ये तो २३.६ मिलिमीटर रुंद आणि १५.६ मिलिमीटर उंच आहे. फुल फ्रेममध्ये तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. गुणाकार करून बघा, जुन्याचं क्षेत्रफळ ३६८ चौरस मिलिमीटर आणि फुल फ्रेमचं ८६४. म्हणजे जवळजवळ सव्वादोन-अडीच पट. फरक एवढाच. बाकी कॅमेऱ्याच्या खोक्यावर लिहिलेल्या पन्नास गोष्टी वेगळ्या.

या अडीच पटीनं होतं काय? सिंहगडाच्या बाजूनं सर आली की अंगणात एक जेवायचं ताट ठेवा आणि शेजारी परात ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. पण पाच मिनिटांनी परातीत पाणी जास्त जमलेलं असतं. उजेडाचंही तसंच. मोठ्या सेन्सरवर तेवढ्याच वेळात जास्त उजेड जमतो. भर दुपारी धो धो पाऊस असतो, तेव्हा ताटही भरतं आणि परातही भरते. फरक कळतो तो रिमझिम असताना, म्हणजे संध्याकाळी, मांडवात, चार भिंतींच्या आत. उजेड कमी पडला की फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात, खास करून काळ्या केसांत आणि गडद शालूत. त्या ठिपक्यांना नॉईज म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यावर १६०० आयएसओला जेवढा रवा दिसतो, तेवढा त्याच काळातल्या फुल फ्रेमवर साधारण ३७०० च्या आसपास दिसतो. फायदा खरा आहे, आणि मोजता येणारा आहे.

आता ३६ बाय २४ हेच माप का, असा प्रश्न आमच्या धाकट्या मुलींनी विचारला होता. त्याचं उत्तर थेट आपल्या दादरपर्यंत येतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची असायची. तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडलेली असत, कारण त्या भोकांत दाते अडकवून ती पुढे सरकायची. भोकांची जागा सोडली की मधे चित्राला २४ मिलिमीटर उरायचे. सिनेमात एक चित्र २४ बाय १८ चं असे. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी तीच फिल्म आडवी धरून दोन चित्रांची जागा एका फोटोला दिली, म्हणजे ३६ बाय २४. तो लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि ते माप जगभर रूढ झालं. आजचा फुल फ्रेम म्हणजे तेच माप.

आणि ती भोकं? १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, तेव्हा कोरी फिल्म भोकं न पाडलेलीच मिळायची. अंधाऱ्या खोलीत, हाताच्या यंत्रानं त्या फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. फिल्म धुवायलाही त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उजेड वळवणं, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करणं, आणि वर दागिने गहाण पडलेले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. कॅमेरा म्हणजे पुरुषांचं काम, असं कुणी तुम्हाला ऐकवलं तर हे सांगायला हरकत नाही. आणि कॅमेऱ्यापायी दागिने गहाण ठेवायची पाळी येऊ नये म्हणूनच पुढचं सगळं बोलतोय.

मुद्दा असा. अंधारात चांगला फोटो हवा असेल तर मोठा सेन्सर हा एक उपाय झाला. त्याच्याहून स्वस्त आणि त्याच्याहून जोरदार उपाय लेन्समध्ये आहे. कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स येते, १८-५५ किंवा १८-१०५ ची, ती झूम करून लांब केली की तिचं तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडतं. साधी ५० एमएमची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. हिशोब केला तर ५.६ पेक्षा १.८ ला साडेनऊ पटीहून जास्त उजेड आत येतो. पुन्हा ऐका. फुल फ्रेमनं अडीच पट मिळत नाही धड, आणि त्या छोट्याशा लेन्सनं साडेनऊ पट मिळतो. ही लेन्स कुठल्याही कंपनीच्या सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी असते. म्हणून ज्यांच्याकडे अजून फक्त कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स आहे, त्यांना आमचं सरळ सांगणं आहे, फुल फ्रेमचा विचार आज करू नका. ५० किंवा ३५ एमएम एफ १.८ घ्या, एक बरा फ्लॅश घ्या, आणि एक लग्नसराई काढा. निम्म्या जणींचा प्रश्न तिथेच मिटेल.

ज्यांच्याकडे ती लेन्स आहे, फ्लॅश आहे, आणि तरीही संध्याकाळच्या हळदीला फोटो हलतात किंवा रवाळ येतात, त्यांच्यासाठी आता पुढचं.

आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या खजिनदार वहिनींनी गेल्या दोन वर्षांच्या ऑर्डरींची वही काढली आणि प्रत्येक ऑर्डरीपुढे दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या. काम दिवसाउजेडी उघड्यावर होतं, का संध्याकाळी किंवा आत? आणि फोटो छापले कशावर, अल्बमवर की नुसते मोबाइलवर पाठवले? आमच्याकडे निम्म्याहून जास्त कामं संध्याकाळची निघाली. सिंहगड रस्त्यावरची कार्यालयं, पानशेतच्या बाजूची लॉन आणि फार्म हाउस, डोणजे-गोऱ्ह्याकडच्या घरांच्या पडव्यांतली डोहाळजेवणं. मालाचे फोटो मात्र सगळे दिवसाचे, खिडकीपाशी पांढरा कागद पसरून काढलेले. त्या कामाला फुल फ्रेमचा काडीचा उपयोग नाही. लोणच्याची बरणी हलत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवा, दोन सेकंद उजेड घ्या, जुन्या कॅमेऱ्यानंही झकास येतो. ज्या गटाचं सगळं काम मालाच्या फोटोंचं आहे, त्यांनी आजचं भाषण इथेच बंद केलं तरी चालेल!

मग आम्ही पुण्यातून एका दिवसासाठी फुल फ्रेम भाड्यानं आणला. ओळखपत्र आणि अनामत ठेवून असा कॅमेरा मिळतो. लाखाची वस्तू घेण्याआधी एका दिवसाचं भाडं ही चैन नाही. एकाच हळदीला दोघींच्या हातात दोन कॅमेरे दिले. नंतर दोन्हींचे फोटो छापून आमच्याच आळीतल्या बायकांपुढे ठेवले, कुठला कशानं काढला ते न सांगता. दुपारच्या ग्रहमखाच्या फोटोंत कुणालाच फरक सांगता आला नाही. संध्याकाळी अंगणात, माळेच्या दिव्यांखाली नवरीला हळद लावतानाचे फोटो मात्र त्यांनी एका नजरेत निवडले. ‘यात तिच्या भुवया दिसतात,’ एवढंच एक आजी म्हणाल्या.

त्याच दिवशी तोटेही कळले आणि ते दुकानात कुणी सांगत नाही. पहिला तोटा लांबीचा. लहान सेन्सर चित्राच्या कडा कापतो, त्यामुळे त्यावर २०० ची लेन्स ३०० सारखी दिसते. फुल फ्रेमवर २०० म्हणजे २००च. मांडवात मागून, पाहुण्यांच्या डोक्यांवरून सप्तपदी टिपायची असेल तर आता पुढे जावं लागतं किंवा लांब, जड, महाग लेन्स घ्यावी लागते. धरणाच्या फुगवट्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला जाणाऱ्या मुलींना तर जुनाच कॅमेरा बरा पडतो. (पलीकडे एनडीएची हद्द आहे. तिकडे लेन्स वळवायची नाही, हे आम्ही प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगतो.) उलट लहान खोलीत फुल फ्रेमच सोयीचा. जुन्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ७५ सारखी वागायची, कपाटाला पाठ टेकली तरी डोहाळजेवणाचा झोपाळा पुरा यायचा नाही. आता तीच लेन्स तिच्या खऱ्या मापानं बघते आणि झोपाळा मावतो.

दुसरा तोटा फोकसचा. फुल फ्रेमवर मागचं जास्त धूसर होतं. नवरीच्या एकटीच्या फोटोला ते छान दिसतं. पण वऱ्हाडातल्या पंचवीस जणांना तीन रांगांत उभं केलं तर पुढची रांग स्वच्छ आणि मागचे मामा-मामी पुसट, असं होतं. सगळे स्वच्छ यायला जुन्यावर एफ ५.६ पुरत असेल तर यावर एफ ८ ठेवावा लागतो, म्हणजे तोंड बारीक करावं लागतं, म्हणजे जास्तीचा उजेड गेलाच. तेव्हा मोठ्या सेन्सरचा अंधारातला फायदा एकट्या-दुकट्या माणसाच्या फोटोला पुरा मिळतो. घोळक्याच्या फोटोला फ्लॅशच लागतो, कॅमेरा कोणताही असो. आणि हळदीचा पिवळा रंग रंगीत दिव्यांखाली हिरवट येतो, तोही फुल फ्रेमनं सुधारत नाही. पांढरा रुमाल समोर धरून व्हाइट बॅलन्स हातानं लावावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेरा बदलणं म्हणजे सोयरीक जोडण्यासारखं आहे. एकटी बॉडी घरात येत नाही, तिचा सगळा गोतावळा येतो. म्हणून दुकानात जाण्याआधी तुमच्याकडच्या लेन्स काढून त्यांच्यावरची अक्षरं वाचा.

निकॉनच्या लेन्सवर ‘डीएक्स’ लिहिलं असेल तर ती लहान सेन्सरसाठी बनवलेली आहे. फुल फ्रेमवर ती बसते, पण कॅमेरा मधलाच भाग वापरतो. आमची १८-१०५ तशीच. २४ मेगापिक्सेलच्या नव्या कॅमेऱ्यावर ती लावली की फोटो मिळतो साधारण १० मेगापिक्सेलचा. जुना १६ चा कॅमेरा सोडून २४ चा घेतला आणि हातात आला १० चा, असा तो व्यवहार. डीएक्स लिहिलेलं नसेल तर बहुधा ती पुरी चालते. पण आणखी एक अक्षर बघा. आजचे नवे निकॉन कॅमेरे आरसा नसलेले, मिररलेस, झेड जातीचे आहेत. त्यांवर जुनी लेन्स लावायला एफटीझेड नावाचा जोड घ्यावा लागतो. ५० एमएम १.८ च्या पुढे ‘जी’ असेल तर या जोडावर आपोआप फोकस होतो. ‘डी’ असेल तर होत नाही, कारण त्या लेन्समध्ये मोटार नसते आणि जोडातही नाही. दोन्ही लेन्स दिसायला जवळजवळ सारख्या, पण लग्नात हातानं फोकस करत बसायला वेळ कुणाला आहे?

कॅनन असेल तर ‘ईएफ-एस’ आणि ‘ईएफ’ हा फरक बघा. ईएफ-एस लेन्स कॅननच्या जुन्या पद्धतीच्या फुल फ्रेमवर, म्हणजे ६डी किंवा ५डी वर, बसतच नाही. आरपी किंवा आर८ सारख्या नव्या मिररलेसवर कॅननचाच जोड लावून बसते, पण तिथेही फक्त मधलाच भाग वापरला जातो. सोनीच्या ई जातीच्या लहान लेन्स सोनीच्या फुल फ्रेमवर बसतात, तोटा तोच. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर लावायचे जोडही बाजारात मिळतात. घरच्या कौतुकाच्या फोटोंना ठीक आहे, पण पैसे घेऊन काम करताना आम्ही त्या वाटेला जात नाही.

कोणता घ्यावा, हे नाव घेऊन विचारतात म्हणून सांगतो. लग्नाचं काम करणार असाल तर पहिली अट, दोन कार्डांची जागा. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उतरला पाहिजे. कार्ड कधी तरी बिघडतंच, आणि कन्यादान पुन्हा करा असं कुणाला सांगता येत नाही. या एका अटीवर कॅननचे आरपी आणि आर८ गळतात. हलके, सुबक कॅमेरे आहेत, पण एकाच कार्डाचे आणि लहान बॅटरीचे. निकॉनचा झेड५, २०२० चा, आणि सोनीचा ए७ मार्क ३, २०१८ चा, या दोन्हींत दोन कार्डं बसतात आणि हात थोडा हलला तर तो सावरून घ्यायची सोय बॉडीतच आहे. झेड५ मंद आहे. संगीताच्या कार्यक्रमात नाचणाऱ्यांच्या मागे धावताना त्याचा फोकस कधी कधी चुकतो. २०२५ साली आलेला झेड५ टू त्या बाबतीत खूपच चलाख आहे, पण नवा आहे आणि तसाच महाग. आरसेवाला डी७५०, २०१४ चा, वापरलेला चांगला मिळाला तर अजूनही भक्कम कॅमेरा आहे, आणि तुमची ‘डी’ अक्षराची लेन्स त्यावर आपोआप फोकस होते. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की २०२० नंतर कॅनन-निकॉनचा नवा आरसेवाला कॅमेरा आलेला नाही, पुढच्या लेन्स मिररलेससाठीच निघतायत.

आम्ही वापरलेला झेड५ घेतला. कारण साधं होतं, आमची ५० ची ‘जी’ लेन्स त्यावर चालते, आणि डी७००० च्या बॅटऱ्याही त्यात बसतात. बॅटऱ्या बसतात हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मिररलेसचा पडदा सतत चालू असल्यामुळे तो बॅटरी खातो. जुना कॅमेरा एका बॅटरीवर हजारभर फोटो काढायचा, हा त्याच्या निम्म्यापर्यंतच जातो. लग्नाला खिशात तीन बॅटऱ्या हव्यातच.

त्या पडद्याचा एक मोठा फायदा मात्र सांगितला पाहिजे. डोळा लावला की फोटो उजळ येणार का काळा, ते काढायच्या आधीच दिसतं. नव्यानं शिकणाऱ्या आमच्या मुली त्यावर फार लवकर तयार झाल्या. आवाज न करता फोटो काढायचीही सोय आहे, पूजेत ती छान. पण एलईडी दिव्यांखाली ती सोय बंद ठेवा, नाही तर फोटोत आडवे पट्टे येतात. साधा शटर ठेवून वेग सेकंदाचा शंभरावा भाग ठेवला की पट्टे जवळजवळ जातात, कारण आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा फिरते आणि दिवे शंभर वेळा लुकलुकतात.

वापरलेला कॅमेरा घेताना भाजी निवडतो तसा निवडा, लाजू नका. शटर किती वेळा उडाला हा आकडा दुकानदाराला काढून दाखवायला सांगा. कॅमेऱ्यानुसार कंपन्या दीड-दोन लाखांपर्यंत उडण्याचा अंदाज देतात. लाखाच्या पुढे गेलेला असेल तर भाव तसाच उतरला पाहिजे. एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा आणि मोठा करून बघा, सेन्सरवर धूळ किंवा तेलाचे डाग असतील तर काळे ठिपके दिसतील. लेन्सच्या एका तोंडातून मोबाइलची बॅटरी पाडा आणि दुसरीकडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, ती लेन्स फुकट दिली तरी घेऊ नका. बिलावरचा नंबर आणि कॅमेऱ्याच्या पोटावरचा नंबर एकच आहे ना, ते वाचा. नवा घेताना पक्कं जीएसटीचं बिल घ्या. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तो टाळून ‘बिल नको, स्वस्तात देतो’ म्हणणारा दुकानदार तुमची वॉरंटी टाळत असतो.

आता पैसे. बॉडीच्या किमतीवर हिशोब संपत नाही. जोड, दोन वेगवान कार्डं, जादा बॅटरी, आणि फोटो साठवायला हार्ड डिस्क. २४ मेगापिक्सेलची एक कच्ची फाइल २५ ते ३० एमबीची असते. एका लग्नाचे दोन हजार फोटो म्हणजे ५० ते ६० जीबी, आणि ते दोन ठिकाणी ठेवायचे. जुन्या कंप्युटरला हे ओझं झेपतं का तेही बघून घ्या.

समजा, सगळं मिळून दीड लाख लागले आणि गटानं १२ टक्के व्याजानं दोन वर्षांसाठी कर्ज काढलं. महिन्याचा हप्ता येतो ७,०६१ रुपये. वर्षाचे ८४,७३२. आता आपलं पंचांग आठवा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात. चार महिने हप्ता चालू आणि लग्नं बंद. म्हणजे हे पैसे उरलेल्या आठ महिन्यांत उभे करायचे असतील, तर त्या प्रत्येक महिन्यात १०,५९२ रुपये नुसते कॅमेऱ्यासाठी बाजूला पडले पाहिजेत, आणि तेही आजच्या कमाईच्या वर. चातुर्मासात मंगळागौर असते, बारशी असतात, दिवाळीआधी गटांच्या फराळाचे फोटो असतात. पण ती कामं जुन्या कॅमेऱ्यानंही होत होती, नव्याच्या खात्यात ती धरू नका. आमच्या खजिनदार वहिनींचा नियम असा, की नव्या कॅमेऱ्यामुळे जे काम वाढलं किंवा ज्याचा दर वाढला, तेवढंच त्याचं. या नियमानं आमचा आकडा नव्या कॅमेऱ्याला जुळेना, वापरलेल्याला जुळला. झूम लेन्स, २४-१२० ची, आम्ही तेव्हा घेतली नाही. पहिली लग्नसराई एकीच्या हातात नवा कॅमेरा आणि ५० ची लेन्स, दुसरीच्या हातात जुना आणि १८-१०५, अशी काढली. झूम दुसऱ्या वर्षी नफ्यातून आली.

जुना कॅमेरा विकू नका, हे त्यातूनच आलं. त्याला बाजारात फार मोल येत नाही, पण लग्नात तो दुसरा डोळा असतो, नवा बंद पडला तर आधार असतो, आणि नव्या मुलींना शिकायला तोच द्यायचा असतो.

वजनाचंही बोलून घेऊ. बॉडी जड नाही, झेड५ तर बॅटरीसकट आमच्या जुन्यापेक्षा हलका आहे. जड असतात लेन्स. ती २४-१२० च ६३० ग्रॅमची आहे. दहा तास, नऊवारी नसली तरी साडी नेसून, उपाशीतापाशी ते मानेवर वागवायचं. रुंद पट्टा घ्या, तो गळ्यात न घालता खांद्यावरून तिरका घ्या, आणि विकत घ्यायच्या आधी गटातल्या सगळ्यांत लहान हाताच्या बाईला कॅमेरा धरायला द्या. तिची बोटं बटणांपर्यंत पोचली पाहिजेत. कॅमेरा चालवणार ती आहे, बरोबर आलेला भाचा नव्हे. तसंच, गटाचा कॅमेरा कुणाच्या घरी राहणार आणि कुणाच्या सहीनं बाहेर जाणार हे आणायच्या आधी ठरावाच्या वहीत लिहा. ‘जरा ट्रिपला नेतो’ म्हणणारे दीर-भाऊ सगळ्या घरांत असतात. आमच्याकडे थोरल्या काकू किल्ली सांभाळतात, त्यांच्याकडे मागायची कुणाची छाती होत नाही.

शेवटी पावसाळ्याचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात, आणि नेमके तेच आपले कमी कामाचे महिने, म्हणून कॅमेरा कपाटात पडून राहतो. कातडी किंवा कापडी पिशवीत तो कधीही ठेवू नका, पिशवी ओल धरते आणि बुरशी तिथेच सुरू होते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि बॅटरी काढून कॅमेरा व लेन्स त्यात ठेवा. रंग बदलणाऱ्या पुड्या मिळतात, रंग बदलला की ओल भरली असं समजायचं आणि कोरड्या कढईत मंद आचेवर त्या दाण्यांना परत कोरडं करायचं. ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून सकाळच्या उजेडात दोन-चार फोटो काढा, परसातल्या कारल्याच्या वेलाचे काढले तरी चालतील.